या वयात डोक्यात शिरतं का हो?

सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसणाऱ्या बायकांना मी गणित शिकवते. वेळ साडेसात ते नऊ, कारण त्याआधी कुणाचीच कामं उरकत नाहीत. (जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली तीही रात्रीचीच.) हे कळलं की लोक हटकून विचारतात, ‘या वयात त्यांच्या डोक्यात शिरतं का हो?’

शिरायचं काय, बरंचसं आधीच आत असतं. पहिल्या वर्षी भाजीची हातगाडी लावणाऱ्या एक मावशी होत्या. फळ्यावर मी २४० गुणिले ०.७५ लिहिलं. मावशींनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “मावशी, लसूण २४० रुपये किलो. पाऊण किलो कितीला?”

“एकशेऐंशी.” माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

“कसं काढलंत?”

“अर्ध्याचे एकशेवीस, पावाचे साठ. त्यात काढायचं काय?”

जुन्या शाळांत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, घोकून घेत. यांना ती गाडीवर उभं राहून आली. अडलं होतं ते त्या टिंबापाशी.

तेव्हापासून मी पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडत नाही. बीजगणित सुरू होतं दोन चलांतील रेषीय समीकरणांनी. एक्स आणि वाय बघूनच निम्म्याजणी घरी जातील! आम्ही चौथा धडा आधी घेतो, अर्थनियोजन. प्रत्येकीनं घरातलं एक बिल आणायचं. मुलाच्या मोबाइलच्या बिलावर सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के बघून एकजण म्हणाली, “म्हणजे अठराच की. दोनदा लिहून कुणाला फसवतात?” त्यावर केंद्र आणि राज्य यांची वाटणी सांगायला पाच मिनिटं पुरली. अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकानं पुढे जाणाऱ्या संख्या, बचत गटाच्या हप्त्यांवरून होते.

चुकले मी दुसरीकडेच. शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासाव्यात तशा लाल पेनानं फुल्या मारल्या. एक ताई तीन दिवस आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, वही पिशवीतून बाहेर काढेनात. “पोरानं बघितली,” एवढंच म्हणाल्या. पोरगा सातवीत.

आता चुकलेल्या ओळीपाशी पेन्सिलीनं बारीक खूण करते. चूक काय ते त्यांनी शोधायचं. याला वेळ जातो, पोर्शन मागे पडतो आणि फेब्रुवारीत माझीच झोप उडते. मावशी पहिल्या खेपेला गणितात राहिल्या. जुलैत पुन्हा बसल्या, तेव्हा सुटल्या.