देवबाग ते नेरूरपार: कालवांनी चिरलेली डिंगी आणि तिची दुरुस्ती

देवबागच्या संगमापासून कर्ली नदीतून वर नेरूरपारच्या पुलाकडे साडेतीन मीटरची पीव्हीसी डिंगी, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायची छोटी होडी, नेली. जाताना भरती होती, काहीच अडचण आली नाही. परतताना ओहोटी लागली, खडक उघडे पडले आणि कालवं (धारदार शिंपले) धरलेल्या एका दगडाने डावी ट्यूब खालून चिरली. चीर जेमतेम 12 मिलिमीटरची. उरलेल्या दोन कप्प्यांवर डिंगी काठाला आली. या वाटेने जाणाऱ्यांनी परतीचा प्रवास पाणी उतरायच्या आत संपवावा.

काठावर फक्त तात्पुरती मलमपट्टी करावी. गोड्या पाण्याने मीठ धुऊन, जागा पूर्ण कोरडी करून टिअर-एड या चिकटपट्टीच्या ब्रँडची बी प्रकारची पट्टी लावली. पीव्हीसीला हाच प्रकार लागतो. हवा निम्मीच भरून हळू वल्हवत परत आलो. फेव्हिक्विक लावायचा मोह टाळा, ते कडक होतं आणि ट्यूब वाकली की तडकतं. सिलिकॉन तर त्याहून वाईट, कारण नंतर त्या जागेवर कुठलाच गोंद धरत नाही.

चीर दिसली नाही तरी ट्यूब मऊ पडते, तेव्हा आधी खात्री करून घ्या. दुपारी 35 अंशांना 0.25 बार (दाबाचं एकक) भरलेली ट्यूब पहाटे 25 अंशांना साधारण 0.21 दाखवते. ती गळती नव्हे, हवा थंड झाल्याचा परिणाम. मग व्हॉल्व्ह तपासा: पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी हवा जाते. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालून ब्रशने आधी व्हॉल्व्ह, मग जोड, मग पूर्ण ट्यूब माखा. बारीक छिद्रावर मिनिटभराने पांढऱ्या फेसाचा ठिपका उमलतो; त्याभोवती पेनने गोल करा. बाहेर कुठेच बुडबुडा नाही, पण एक कप्पा सैल पडतो आणि शेजारचा घट्ट होतो, तर दोन कप्प्यांमधला पडदा गेलाय. तिथे बाहेरून पॅच लावून उपयोग नाही.

पक्की दुरुस्ती घरात, हवा पूर्ण काढून, ट्यूब सपाट पसरून. पॅच गोल कापा, चिरेच्या चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर येईल एवढा. या चिरेला 11-12 सेंटिमीटर व्यासाचा लागला. टोकदार कोपरे आधी उचकटतात. तात्पुरत्या पट्टीचा चिकटा निघेपर्यंत एमईके किंवा ॲसिटोन या द्रावकाने पुसा. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले, जवळपास ज्योत नको. गोंद दोन भागांचा पॉलियुरेथेनच हवा. हायपॅलॉनच्या (कृत्रिम रबराच्या कापडाच्या) डिंगीला तो चालत नाही, तिला निओप्रिनचा गोंद लागतो. हार्डनरचं, म्हणजे गोंद घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाचं, प्रमाण डब्यावर पाहा. आमच्या गोंदाला 4 टक्के, म्हणजे 25 ग्रॅमला 1 ग्रॅम. ड्रॉपरने अंदाजे टाकू नका, वजन करा.

कोकणात खरा घात करते ती दमट हवा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं, आणि गोंदावर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. असा पॅच त्या दिवशी चिकटल्यासारखा वाटतो आणि आठवडाभरात सालीसारखा निघतो. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर असेल तर काम पुढे ढकला किंवा एसीच्या खोलीत करा. हार्डनरही दमटपणा ओढतो. बाटलीतला गढूळ झाला असेल तर फेकून द्या.

दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, 5 ते 10 मिनिटं थांबा, दुसरा थर द्या. बोटाच्या मागच्या बाजूला चिकट लागतो पण बोटाला येत नाही, तोच क्षण. पॅच एका कडेपासून टेकवत न्या, कारण एकदा टेकला की सरकत नाही. मग मधून कडेकडे रोलरने, रोलर नसेल तर चमच्याच्या पाठीने, जोर लावून दाबा.

24 तास हवा भरू नका. नंतर निम्म्या दाबावर साबणपाणी लावून पाहा, आणि मगच पूर्ण 0.25 बार भरून एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, त्याच तापमानाला, दाब मोजा.