इन्सुलिन टोचण्याच्या पद्धतीवर डेझर्टेशन: माझा अनुभव

मधुमेहाच्या ओपीडीत "सुईची जागा बदलता का?" असं विचारा, "हो सिस्टर" हेच उत्तर येतं. मग पोट दाखवायला सांगा. बेंबीच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा दोनच जागा वर्षानुवर्षं वापरलेल्या दिसतात. काका खोटं बोलत नसतात. सकाळी डावी, रात्री उजवी, म्हणजे त्यांच्या हिशेबाने जागा बदललीच. एम.एस्सी. नर्सिंगसाठी हा विषय घेतला तेव्हा माझा आराखडा प्रश्नावलीचा होता. तो पायलटमध्येच, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतच, मोडला: ज्ञानाचे गुण चांगले आणि हात चुकलेले. त्यामुळे टूल (माहिती गोळा करायचं साधन) म्हणजे निरीक्षणाची चेकलिस्ट, हे तिथेच ठरलं.

चेकलिस्टची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसेल अशी लिहावी लागते. "इन्सुलिन नीट मिसळतो" या वाक्यावर निरीक्षण करणाऱ्या दोघींचं कधीच एकमत होत नाही. "दुधाळ इन्सुलिनची बाटली तळहातांत 10 वेळा फिरवतो, 10 वेळा वर-खाली कलती करतो" असं लिहिलं की टिक जुळायला लागतात. तसंच इन्सुलिन पेनचं: "2 युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का पाहतो", "बटण दाबल्यावर सुई न काढता 10 आकडे मोजतो". दोघींनी तेच 20 पेशंट स्वतंत्रपणे तपासायचे आणि कप्पा (kappa, दोघींचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढायचा. गाईड बहुधा क्रॉनबॅक अल्फा (सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात का ते सांगणारा आकडा) मागतात, पण हात धुणं आणि थेंब पाहणं या एकमेकींशी संबंध नसलेल्या पायऱ्या आहेत. तिथे अल्फाने फारसं काही कळत नाही.

सगळ्यात धोक्याची पायरी सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 40 युनिट प्रति मिली असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं 100. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी टोपीची 100 साठी. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त 8 युनिट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल सिरिंजने 20 पर्यंत ओढलं तर 50. म्हणून "बाटलीवरचा आकडा" आणि "टोपीचा रंग" असे दोन वेगळे रकाने ठेवा. चूक सापडली की लगेच नवी सिरिंज हातात देऊ नका. महिनोन् महिने 8 युनिटवर असलेल्या माणसाला एकदम पूर्ण 20 मिळाले तर साखर खाली कोसळेल. आधी डॉक्टरांना सांगा, मात्रा ठरू द्या.

हीच गोष्ट आमच्या एथिक्स कमिटीच्या अर्जात हुकली होती. "सहभागींना धोका" या रकान्यात "नाही" लिहिलं होतं. नुसतं शिकवायचंच तर आहे, असा समज. पण एकाच जागी टोचून कातडीखाली रबरासारखा फुगवटा आलेला असतो आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. तोच पेशंट तुमच्या सांगण्यावरून ताज्या जागी टोचायला लागला की जुनीच मात्रा जास्त पडू शकते. त्यामुळे मात्रेबद्दल डॉक्टरांचा सल्ला, पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर जास्त वेळा तपासणी, रक्तातली साखर 70 च्या खाली गेल्यास 15 ग्रॅम साखर आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहावं लागलं.

त्या फुगवट्याला मराठीत काय म्हणायचं यावरही अडलं. "गाठ" म्हटलं की मावशींच्या डोळ्यांसमोर कॅन्सर उभा राहतो. "टोचायच्या जागेचा फुगवटा" चाललं. उलट भाषांतराच्या फेरीत (मराठी मजकूर परत इंग्रजीत करून पाहतात, तेव्हा) हे कळत नाही, कारण कागदावर दोन्ही बरोबरच असतात. पेशंटला वाचून दाखवल्यावरच कळतं. तपासताना बोटांना जेल लावून गोल फिरवत दाबा, उजेड बाजूने येऊ द्या. नुसत्या नजरेला बरेच फुगवटे दिसत नाहीत.

निरीक्षणाची वेळ एकच: उपाशीपोटी रक्त दिल्यावर पेशंट इन्सुलिन घेतो आणि डबा उघडतो, तेव्हा. त्या घाईत संमतीपत्र वाचून घेणं म्हणजे फसवणूक. कागद आदल्या भेटीतच द्या आणि इन्सुलिन, सिरिंज, डबा घरून आणायला सांगा. अंगठा लावणाऱ्यांसाठी साक्षर साक्षीदार अभ्यासाबाहेरचा हवा. आपली बॅचमेट नको. फॉलो-अप मात्र पीपीच्या (जेवणानंतरच्या रक्ततपासणीच्या) दोन तासांत निवांत उरकतो.

शिकवून परिणाम पाहणार असाल तर सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीची) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच करा. ती मोफत आहे, पण 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही, आणि कमिटीचं मंजुरीपत्र अपलोड करावं लागतं.

नमुन्याचा हिशेब: दोन गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्या मापाचा) फरक पकडायचा, 80 टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता), तर गटाला 63. पाचातला एक गळतो असं धरलं तर 79. एकाच बाकावर बसलेले पेशंट एकमेकांना सगळं सांगतात, म्हणून गट आठवड्यांनुसार पाडायचा मोह होतो. तसं केलं तर हा आकडा वाढतो, तेव्हा सांख्यिकीवाल्यांना सिनॉप्सिसच्या (अभ्यासाचा आराखडा सादर करण्याच्या) आधी भेटा. गळती कमी ठेवायला दोन फोन नंबर घ्या. पहिला बहुधा मुलाचा असतो आणि तो दिवसा कामावर. एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) तीन महिन्यांनीच मोजा, चार आठवड्यांनी त्यात जुनीच साखर जास्त दिसते.

डेटा भरताना "केलं नाही" आणि "लागू नाही" यांना वेगळे कोड द्या. पेनवाल्याला बाटलीत हवा भरायचीच नसते. तिथे शून्य पडलं तर पेन वापरणारे सगळे उगाच नापास होतात, आणि हे निकालाच्या तक्त्यापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. गुण लागू असलेल्या पायऱ्यांच्या टक्क्यांत काढा.