पोखरेल शेण

दुपारी ओट्यावर एक शेणकिडा उताणा पडलेला. काळा, उडदाच्या दाण्याएवढा, पाय हवेत. रात्री दिव्यावर येऊन फरशीवर आपटला असणार. उताणा किडा मला बघवत नाही. हातातलं काम टाकून खराट्याची काडी शोधायला जातो. घरचे यावर काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

गिरणाकाठच्या आमच्या गावी आजीबरोबर पाटी घेऊन शेण गोळा करायला जायचो. पावसाळ्यात गोवऱ्या थापत नसत, पण सारवायला शेण लागायचंच. आणि नेमका तेव्हाच तिला भागीदार उगवायचा. पो वरून चांगला दिसायचा, काडीनं उचकटला की आत चाळण. "हाई शेण नको, पोखरेल शे," म्हणत आजी पुढे निघायची. मी मात्र तिथेच उकिडवा. दोन दिवसांनी त्या जागी भुसभुशीत मातीची ढेकळं तेवढी उरलेली असत.

शेणकिडा म्हटलं की लोकांना गोळा ढकलणाराच आठवतो. हे बारके तसले नव्हेत. पोच्या खालीच बीळ पाडायचं, शेण आत ओढून ठासायचं, एका गोळ्यात एक अंडं. अळी घर आतून खात मोठी होते. काही जातींत शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. अळीपणी ज्याला कमी खायला मिळालं तो बिनशिंगाचा राहतो आणि बाजूनं चोरवाट खणून थेट मादीपाशी पोचतो. आमच्या भाऊबंदकीत असले दोनतीन आहेत.

ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी १७८८ साली गुरं नेली. तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईच्या ओल्या पोकडे ढुंकून बघेनात. कुरणं शेणानं भरली, माश्या माजल्या. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञानं बाहेरून शेणकिडे आणायचं मनावर घेतलं. १९६८ पासून ते तिथे सोडू लागले. हे वाचलं तेव्हा आजी नव्हती. नाहीतर म्हणाली असती, आमचे घेऊन जा.

आता गावी ट्रॅक्टर आहे. पोळ्याला मातीचे बैल पुजतात, आणि मातीचा बैल शेण टाकत नाही.

काडीनं उलथला तसा किडा जरा थबकला, मग कुंपणाकडे चालू लागला. कॉलनीत गाय नाही. दोन गल्ल्या सोडून एक म्हैस आहे. त्याला माहीत असेल.