आधी माप, मग हँडल : इंदूरमधल्या आमच्या सायकल दुकानाची वाटचाल

राजवाड्यामागच्या गल्लीतलं आमचं दुकान मुळात दुरुस्तीचं. चिमटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) सरळ करणं, रिम ओढणं, वाट्या-छर्रे बदलणं ही कामं. तेव्हा हँडल निवडायचा प्रश्न कुणाला पडत नसे. काळ्या सायकलीला मागे वळलेलं हँडल, त्याला सळईचे ब्रेक. मिलमधल्या कामगाराला आणि दूधवाल्याला एकच माप. उंची कमी-जास्त करायची तर वरचा बोल्ट दोन आटे सैल करून त्यावर हातोडा ठोकायचा, खालची पाचर सुटते, हँडल हवं तिथे ओढून बोल्ट पुन्हा आवळायचा. पाच मिनिटांचं काम. पुढे सरळ हँडलच्या गिअरवाल्या सायकली आल्या, त्यातही फारसा विचार नव्हता.

विचार सुरू झाला ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणाऱ्यांमुळे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, असे हिशोब असलेले लोक वळणाच्या, म्हणजे ड्रॉप हँडलच्या सायकली घेऊन यायला लागले आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच : करंगळी आणि अनामिका बधिर होतात. मागणी असायची हँडलवर गुंडाळायच्या जाड टेपची. पण त्या दोन बोटांची नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते, आणि तिथे भार येण्याचं कारण बहुतेक वेळा हँडलवर नसून सीटवर असतं. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि ते दोन्ही हातांनी रेटून धरावं लागतं. सीट पातळीत आणली, स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा आडवा दांडा, एक माप आखूड केला की निम्म्या लोकांना नव्या टेपची गरजही उरत नाही. दुकानात मापाचा स्टँड आला तो या कामासाठी. विक्रीपेक्षा मापाचं काम वाढलं, आणि ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणाऱ्या ड्रॉप हँडलच्या सायकली आल्यावर तेच उपयोगी पडलं.

ग्रॅव्हलचं हँडल पहिल्या नजरेत रस्त्याच्या सायकलीसारखंच दिसतं. फरक खाली बघावा. खालची टोकं बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात, त्याला फ्लेअर म्हणतात आणि तो अंशांत सांगतात : ८, १२, १६, २०, २४, काही याहून जास्त. वरची पकड नेहमीच्या रुंदीची राहते, खाली हात मोठ्या अंतरावर जातात, म्हणून उतारावर चाक ताब्यात राहतं. वर ४२ सेंटिमीटर आणि ड्रॉप, म्हणजे वरच्या भागापासून खालच्या टोकापर्यंतची खोली, १२० मिलिमीटर असेल तर सरळ भूमितीने १२ अंशाला खालची रुंदी साधारण ४७ भरते, १६ अंशाला ४९, २४ अंशाला ५२-५३. वळणाच्या आकारामुळे प्रत्यक्षात सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं.

आता रुंदी. खांद्यावर दोन्ही बाजूंना हाडाचं जे टोक लागतं, त्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं. मोजताना माणूस ताठ उभा नको, हात सैल सोडलेले हवेत. रस्त्याच्या सायकलीला तेवढीच रुंदी आणि ग्रॅव्हलला दोन ते चार सेंटिमीटर जास्त, हा आमचा सुरुवातीचा आकडा. खांदे ३८ असतील तर ४०, फार तर ४२. खरा घोटाळा इथून पुढे. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत. नळी २३.८ मिलिमीटरची, त्यामुळे एकाचं ४२ म्हणजे दुसऱ्याचं जवळजवळ ४४. त्यात भर म्हणजे कुणी रुंदी ब्रेक-गिअरच्या लिव्हरपाशी मोजतं, कुणी खालच्या टोकाला. ऑनलाइन मागवलेलं हँडल ‘मोठं आलं’ म्हणून आमच्याकडे येतं, तेव्हा बहुधा ते चुकीचं नसतं, मोजलेली जागा वेगळी असते. म्हणून बसवायला आणलेलं प्रत्येक हँडल आम्ही पट्टीने मोजतो आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहितो : लिव्हरपाशी मध्य ते मध्य, आणि टोकाला बाहेर ते बाहेर.

रुंदी वाढवली की हात लांब जातात. दोन सेंटिमीटर रुंदी वाढली तर स्टेम एक सेंटिमीटर आखूड, हा ढोबळ नियम आम्ही पाळतो. आणि स्टेम बदलण्याआधी रीच बघतो, म्हणजे हँडल वरच्या आडव्या भागापासून पुढे किती जातं ते. जुन्या धाटणीच्या हँडलचा रीच ८० मिलिमीटरच्या पुढे आणि ड्रॉप १३०-१४० असायचा. ग्रॅव्हलला ६५ ते ७५ रीच आणि ११० ते १२० ड्रॉप पुरतो. ड्रॉप जास्त असला की लोक खाली हात नेतच नाहीत, मग फ्लेअरचे पैसे वाया. लहान चणीच्या बायकांना आणि पाच फुटांच्या आसपासच्या मुलांना तर रुंदीपेक्षा रीच जास्त नडतो. त्यांच्यासाठी ४०, १२ अंश, रीच ७० च्या आत, आणि लिव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून ब्रेकची दांडी हँडलजवळ आणायची. हा स्क्रू बहुतेक लिव्हरवर असतो आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो.

फ्लेअर किती घ्यावा, यावर आमचं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियातून २००६ पासून निघणारी २०० मैलांची शर्यत, तिथली मोकळी गिट्टीची वाट, ताशी तीसच्या पुढे तासन्‌तास चालणं, मोठ्या फ्लेअरची हँडलं तिथे शोभतात. इंदूरहून निघालेल्या माणसाचा पहिला तास शहरातून आणि महामार्गाच्या कडेने जातो, आणि त्यात त्याचे हात लिव्हरच्या टोपणांवर, म्हणजे वरच्या रबरी पकडीवर, असतात. २४ अंशाला लिव्हर आत कलते, मनगट वाकडं राहतं आणि खालून ब्रेक ओढताना बोट तिरकं पडतं. शिवाय खालची टोकं ५५ सेंटिमीटरला पोचली की सराफ्याच्या गर्दीत रिक्षाच्या आरशाशी गाठ ठरलेली. आम्ही १२ आणि १६ अंशाची हँडलं दुकानात ठेवतो, त्यापुढची मागवून देतो.

पण फ्लेअर अजिबात नको असं म्हणणाऱ्याला आम्ही एकदा जानापावच्या बाजूला, नाहीतर सिमरोलकडून चोरलच्या अंगाने जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जाऊन यायला सांगतो. माळव्याची काळी माती पावसात टायर आणि चिमट्याच्या मध्ये गच्च भरते. ते हँडलचं दुखणं नव्हे, तिथे जागा असलेला चिमटाच लागतो. हँडलची परीक्षा दसऱ्यानंतर असते. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या तोपर्यंत वाळून दगड होतात. पुढचं चाक चाकोरीत गेलं की कड त्याला फिरू देत नाही, आणि अरुंद हँडलला तेवढा जोर पोचत नाही. तसंच जामगेटहून निमाडात उतरताना. टोपणांवर हात ठेवून ब्रेक धरला तर दांडीच्या वरच्या भागावर जोर लावावा लागतो, तिथे तरफ कमी मिळते आणि तळवा दमतो. वर एखादा खड्डा बसला की हात उडतोही. खालच्या पकडीत अंगठा नळीखाली अडकतो आणि दोन बोटांनी ब्रेक लागतो.

माप ठरलं तरी टेप लगेच गुंडाळत नाही. आधी लिव्हर हाताने घट्ट करायच्या, केबल काळ्या विजेच्या टेपने तात्पुरती बांधायची, आणि त्या अवस्थेत गिऱ्हाइकाने तासभर सायकल चालवून यायचं. हँडलचा आडवा भाग आणि टोपण यांमध्ये खळगा किंवा चढ राहता कामा नये, तळहाताची टाच सपाट टेकली पाहिजे. खालची टोकं जमिनीला समांतर ते दहा अंश खाली झुकलेली. त्यापेक्षा वर उचलली तर मनगट मोडतं. दोन्ही लिव्हर एका उंचीवर आहेत की नाही हे नजरेने ठरवू नये, टोकांवर सपाट पट्टी आडवी ठेवून बघावं. हे सगळं पटल्यावर टेप.

एक मागणी आम्ही बहुधा नाकारतो : सरळ हँडलच्या सायकलीला ड्रॉप हँडल लावून ग्रॅव्हल करून द्या. सरळ हँडलची नळी २२.२ मिलिमीटरची, ड्रॉपची २३.८, म्हणजे जुने शिफ्टर आणि ब्रेकच्या दांड्या त्यावर बसत नाहीत. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, रस्त्याच्या लिव्हर तेवढी ओढत नाहीत, आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. शिफ्टरचं आणि मागच्या डिरेलरचं (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचं) केबल ओढण्याचं प्रमाण जुळेलच असं नाही. वर सरळ हँडलच्या सायकलींची फ्रेम लांब असते. ड्रॉपचा रीच त्यात मिळवला की माणूस मोटरसायकलच्या टाकीवर झोपल्यासारखा होतो. लिव्हर, ब्रेक, डिरेलर, स्टेम, टेप यांची बेरीज करून दाखवली की गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, राहू द्या. तेवढ्या पैशांत बार-एंड (सरळ हँडलच्या टोकांना लावायच्या जादा मुठी) आणि चांगले टायर येतात.

हँडलचा मधला भाग स्टेममध्ये बसतो, त्याच्या जाडीकडेही लक्ष हवं. हल्ली ३१.८ मिलिमीटर सर्रास, जुन्यात २५.४ आणि २६.० दोन्ही सापडतात. २६.० च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल आवळून बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला फिरतं. ते जोडकाम आमच्याकडे होत नाही. दिवा, जीपीएस आणि पुढची बॅग लावणाऱ्यांनी आडवा भाग चपटा आहे की गोल, हे विकत घेण्याआधी पाहावं. चपट्या भागावर क्लॅम्प बसत नाही, आणि गोल भाग स्टेमच्या दोन्ही बाजूंना बोटभरच असतो. क्लिप-ऑन एरोबार (कोपर टेकून झुकायच्या, हँडलवर आवळायच्या दांड्या) लावायचे असतील तर कार्बन हँडलवर तशी परवानगी छापलेली आहे का तेही बघावं. अनेकांवर नसते.

कसण्याचं काम टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानेच. स्टेमच्या पुढच्या पट्टीला बहुधा ५ न्यूटन-मीटर, शिमानोच्या लिव्हरला ६ ते ८, पण भागावर छापलेला आकडा शेवटचा. कार्बन हँडल असेल तर लिव्हरचा आकडा आणखी कमी ठेवावा लागतो. चार बोल्ट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि वरची-खालची फट सारखी ठेवायची. एक बाजू मिटली आणि दुसरी उघडी राहिली तर हँडल कडेने चेपलं जातं. आटे ग्रीसमध्ये, कार्बनवर मात्र ग्रीस नको, घर्षणाची पेस्ट. कचकच आवाज येतो म्हणून आलेल्या सायकलींमध्ये सगळ्यात जास्त वेळा पट्टीखाली धूळच निघते. पुसून, स्पिरिट मारून पुन्हा बसवलं की गप्प.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर रुंद हँडलचा खर्च तिथे दडलेला असतो. होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची नळी, तोकडी पडते. नवी होज, नवी ऑलिव्ह (जोडावरची छोटी कडी), नवं टोक, आणि ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढणं. शिमानोला मिनरल ऑइल, दुसऱ्या काहींना डॉट नावाचा ब्रेकचा द्रव. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतली रबरं फुगून ब्रेकची वाट लागते. होज फ्रेममधून जात असेल तर मजुरी दीडपट सांगतो, आणि आधीच सांगतो. केबलच्या सायकलीत ब्रेकचं आवरण आणि गिअरचं आवरण वेगळं असतं. गिअरचं ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. टेपची एक गुंडाळी साधारण दोन मीटर. ४६ च्या फाकलेल्या हँडलला ती ताणून पुरवली की पातळ होते, तिथे लांब गुंडाळीच घ्यावी. दुहेरी टेप मागणाऱ्याचा हात आधी बघतो. लहान हातात जाड नळी धरायला जास्त जोर लागतो आणि बोटं उलट लवकर दमतात.

टेपखाली काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. घामाने अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, मग खड्डे पडतात, आणि तडा जातो तो बहुधा स्टेमच्या कडेला नाहीतर लिव्हरच्या पट्ट्याखाली. माळव्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी चालवणाऱ्यांची हँडलं लवकर खराब होतात. म्हणून टेप वर्षातून एकदा उतरवतो, शक्यतो पावसाळा संपल्यावर, आणि तेव्हा हँडल नखाने आणि दिव्याने तपासतो. जोरदार पडलेल्या सायकलीचं अॅल्युमिनियम हँडल वाकलेलं दिसत नसलं तरी बदलावं, कार्बनचं तर नक्कीच.

उतरवलेली चांगली हँडलं टाकत नाही. ४० ते ४६ रुंदीची, १२ आणि १६ अंशाची, अशी चाचणीसाठी वेगळी ठेवली आहेत. अनामत ठेवून ती दोन आठवडे सायकलवर नेता येतात, आणि घेतलं तर मापाची फी बिलातून वजा होते. मापाला येताना सायकल धुतलेली असावी, रोजचेच बूट आणि रोजचीच चड्डी घालून यावं, आणि जी वाट सगळ्यात जास्त चालवता ती सांगावी. रविवारी सकाळी दुकान बंद असतं. तेव्हा आमची बहुतेक गिऱ्हाइकं महूच्या रस्त्याला असतात.