एका स्पीकरसाठी ३४ दिवस

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला इंग्रजी पॉडकास्ट ऐकवायचे मी ठरवले, तेव्हा भाग निवडायला मला एक संध्याकाळ पुरली आणि तो ऐकवायला लागणारा स्पीकर मिळवायला ३४ दिवस लागले. हा राग वर्ष उलटले तरी गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे नववीत आलेल्या मुलाच्या मागे या विषयाची आठ वर्षे असतात. मुले धडा वाचतात, प्रश्नोत्तरे लिहितात. मात्र ही सारी वर्षे त्यांच्या कानावर पडलेले इंग्रजी आम्हा शिक्षकांच्या तोंडचे, शब्द सुटे सुटे करून सांगितलेले असते. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मला त्यासाठीच योग्य वाटला. दोन निवेदक सहा मिनिटे गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, त्याचे उत्तर शेवटी देतात आणि संपूर्ण संहिता छापून घेता येते.

पहिल्या दिवशी मी तो मोबाइलवरच लावला. वर्गात ५४ मुले आणि सहा पंखे. तिसऱ्या बाकाच्या मागे पंख्यांखेरीज काहीही पोहोचले नाही. आणि नागपुरात जुलैच्या दमट उकाड्यात पंखे बंद करा म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

शाळेत स्पीकर होता. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दोन दिवस सोडले, तर तो कार्यालयातील लोखंडी कपाटात असे. ३ जुलैला मी अर्ज दिला: ‘पॉडकास्टद्वारे इंग्रजी अध्यापनासाठी स्पीकर मिळणेबाबत’. मुख्याध्यापकांनी त्यावर ‘कार्यालयाने नियमानुसार कार्यवाही करावी’ असे लिहिले, तेव्हा काम झाले असे मला वाटले. मोठ्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, “मॅडम, हे पॉडकास्ट म्हणजे मोबाइलचाच प्रकार आहे ना? मोबाइल तं वर्गात बंद आहे.” मोबाइल माझा असेल, मुलांच्या हातात जाणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी समासात ‘खुलासा करावा’ असे लिहून अर्ज परत केला. मी दीड पानी खुलासा लिहिला. मग जडवस्तू नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची वही, निघाली आणि तिच्यात स्पीकर ‘सांस्कृतिक विभाग’ या नावावर चढलेला आढळला. त्या विभागाचे प्रमुख आमचे क्रीडाशिक्षक असल्याने त्यांची ‘हरकत नाही’ अशी सही हवी होती, आणि ते मुलांना घेऊन स्पर्धांना गेलेले होते. ते परतले, त्यांनी माझ्यासमोर अर्ध्या मिनिटात सही केली, आणि तोवर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिपाई रजेवर गेले होते. त्यानंतर विषय शाळा समितीच्या बैठकीत ठेवावा, असे कोणीतरी सुचवले. या काळात रोज मधल्या सुट्टीत मी कार्यालयाच्या दारात उभी राहत असे, आणि बाबू रोज तितक्याच शांतपणे “होते ना मॅडम, होते” म्हणत असत.

अखेरीस एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी अर्ज पाहिला आणि पॉडकास्ट हा शब्द काढून टाकायला सांगितले. नव्या अर्जात मी ‘दहावीच्या तोंडी परीक्षेच्या पूर्वतयारीसाठी श्रवणकौशल्य उपक्रम’ असे लिहिले. त्यात खोटे काहीच नव्हते. दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी परीक्षेचे असतात आणि त्या २० गुणांत श्रवणही येते. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. ६ ऑगस्टला स्पीकर हातात आला, तेव्हा त्याला फक्त माइकची जाड पिन चालते असे कळले. बर्डीच्या बाजारातून ६० रुपयांची जोडपिन आणली आणि प्रश्न मिटला. ही पिन आधीच तपासून घ्यावी.

वर्गातले पुढचे काम सुरळीत झाले. मुलांना संहिता पहिल्याच वेळी देऊ नये. मी ती दिली होती आणि सगळ्या माना खाली गेल्या. वाचन झाले, ऐकणे राहिले. आता पहिल्यांदा नुसते ऐकायचे, दुसऱ्यांदा एका मिनिटाचा तुकडा ऐकून कानावर पडेल ते लिहायचे, आणि तिसऱ्यांदा संहिता समोर घ्यायची, असा क्रम मी ठेवते. लिहिताना देवनागरी चालेल असे सांगितल्यावर एका मुलीने वहीत ‘कपटी’ असे लिहिले. मूळ शब्द होते ‘कप ऑफ टी’. वर्ग हसला, पण त्या मुलीचा कान अचूक होता, कारण बोलताना ‘ऑफ’ इतका गिळला जातो की मागे एक ओझरता ‘अ’ तेवढा उरतो. ‘टू’, ‘अँड’, ‘फॉर’ यांचेही तसेच होते. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच न्याय देतो. इंग्रजीत जोर शब्दाच्या एका भागावर पडतो आणि बाकीचे भाग आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’वर सरकतो. हे मी फळ्यावर अनेक वर्षे सांगत आले होते. मुलांना ते त्या कपटी चहाने कळले.

सहा मिनिटांचा भाग एका तासिकेत पुरा करण्याचा हट्ट धरू नये, दोन मिनिटे पुरतात. भाग घरूनच उतरवून आणावा, शाळेतल्या इंटरनेटवर विसंबू नये. वेग कमी करायचा असल्यास पाऊणपट ठेवावा, त्याखाली आवाज रडका होतो. अगदी कच्च्या मुलांसाठी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी नभोवाणीच्या ‘स्पेशल इंग्लिश’ कार्यक्रमाचे जुने भाग मला अधिक उपयोगी पडले. १९५९ साली सुरू झालेला त्यांचा तो कार्यक्रम सुमारे १,५०० शब्दांत आणि मुद्दाम संथ गतीने बोलत असे.

स्पीकर एप्रिलमध्ये परत जमा करावा लागला आणि मंजुरी त्या एकाच शैक्षणिक वर्षापुरती होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. यंदाचा अर्ज मी मे महिन्यातच लिहून ठेवला आहे, आणि क्रीडाशिक्षकांची सही त्यावर आधीच घेतली आहे.