हद्दीतली माणसं

मित्र निवडता येतात, डॉक्टर निवडता येतो, रोज कोणाची मतं कानावर पडू द्यायची हेही हल्ली निवडता येतं. धर्मग्राम (पॅरिश), म्हणजे आपलं चर्च आणि त्याच्या हद्दीतली माणसं, मात्र पत्त्यावरून ठरतो. घर रस्त्याच्या अलीकडे असेल तर हा, पलीकडे असेल तर तो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत तसा नियमच आहे: धर्मग्राम सर्वसाधारणपणे हद्दीनुसार असावा आणि त्या हद्दीत राहणारे सगळे श्रद्धावंत त्यात यावेत. सगळे म्हणजे सुरेल गाणारे आणि मोठ्याने बेसूर गाणारे, वेळेआधी येऊन ठरलेल्या बाकावर बसणारे आणि प्रवचन संपता संपता मागच्या दाराने आत शिरणारे. भाषेवरून किंवा राष्ट्रीयत्वावरून वेगळे धर्मग्राम करण्याची मुभा आहे, पण तो अपवाद.

मला या नियमाचं मनापासून कौतुक वाटतं, आणि मनापासून वैतागही येतो. ज्या गृहस्थांशी आपलं एका वाक्यापलीकडे पटत नाही, ते नेमके आपल्याच पुढच्या बाकावर असतात. मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेत ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर वाटण्याआधी धर्मगुरू सांगतात, परस्परांना शांती द्या. डावीकडे घरची माणसं, उजवीकडे भिंत, मागे कोणी नाही. गृहस्थ वळलेले असतात. आपणही हात जोडतो, ‘शांती असो’ म्हणतो. दोघांच्याही चेहऱ्यावर पुरेसं हसू नसतं, पण शब्द उच्चारले जातात. माणसं स्वतः निवडायची मोकळीक असती, तर हा प्रसंग माझ्यावर आला नसता.

ही हद्द पक्की केली ती आजच्या इटलीतल्या त्रेंत इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मपरिषदेने, १५६३ साली. लोकांचे निश्चित धर्मग्राम पाडा, प्रत्येकाला त्याचा कायमचा धर्मगुरू द्या, म्हणजे आपली माणसं कोण हे त्याला कळेल, असं तिने बिशपांना बजावलं. त्याच बैठकीत विवाहाची आणि बाप्तिस्म्याची नोंद ठेवायचा हुकूमही निघाला. कारण अगदी व्यवहारी होतं. चोरून लग्नं व्हायची, मग एखादा पहिलीला सोडून दुसरीशी जाहीर लग्न करायचा, आणि पहिलीपाशी पुरावा काहीच नसायचा. म्हणून विवाह धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर व्हावा आणि वहीत लिहिला जावा, असं ठरलं. पूर्वजांचा माग काढणारे लोक आज ज्या जुन्या वह्या चाळतात, त्यांच्यामागे अशा फसवल्या गेलेल्या बायकांची तक्रार आहे.

धर्मग्राम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मनोरा, घंटा आणि वेदी येते. माझ्या डोळ्यांपुढे कार्यालयातलं कपाट येतं. त्यातली बाप्तिस्म्याची नोंदवही मला सगळ्यांत वाचनीय वाटते, आणि तीसुद्धा तिच्या समासासाठी. मुख्य ओळीत बाळाचं नाव, आईवडील, धर्ममातापिता (गॉडपेरेंट्स), तारीख. पुढे त्या बाळाचा दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा) संस्कार झाला, लग्न झालं, कोणी धर्मगुरू झाला किंवा एखादीने धर्मभगिनी म्हणून अखेरचं व्रत घेतलं, की ती नोंदही याच ओळीशी यावी लागते. लग्न जगाच्या दुसऱ्या टोकाला का होईना, तिथल्या धर्मगुरूंनी बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाला कळवायचं असतं. म्हणजे माणूस हद्द सोडून कधीच गेलेला असतो, नव्या धर्मग्रामात त्याचं बस्तान बसलेलं असतं, आणि इकडे त्याच्या जन्माच्या वर्षाच्या पानावर कोणीतरी पेन घेऊन त्याचं लग्न लिहीत असतं. काही ओळींचे समास गच्च भरलेले दिसतात, काही कोरे. कोऱ्या समासाचा अर्थ लावायला जाऊ नये. माणूस मजेत एकटा राहिला असेल, किंवा तिकडच्या कार्यालयातून पत्रच आलं नसेल.

आता कामाविषयी. ‘धर्मग्रामाचं कार्य’ असं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की मला उगाच दडपण येतं. धर्मसंहितेतली यादी त्यापेक्षा जमिनीवरची आहे. प्रमुख धर्मगुरूंनी घराघरांत जावं, लोकांच्या चिंता आणि दुःखं जाणून घ्यावीत, आजाऱ्यांना, विशेषतः मरणाच्या दारी असलेल्यांना, धीर द्यावा. गरीब, पीडित, एकाकी आणि देशोधडीला लागलेल्यांना त्यांनी खास शोधून काढावं. शोधून काढावं, कारण ही माणसं आपणहून कार्यालयाची पायरी चढत नाहीत. ज्यांनी चर्चला येणं सोडलंय त्यांच्यापर्यंत, आणि ज्यांचा हा धर्मच नाही त्यांच्यापर्यंतही शुभवर्तमान पोहोचावं म्हणून त्यांनी झटावं, आणि यात श्रद्धावंतांची साथ घ्यावी. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना प्रमुख धर्मगुरूंनी आपल्यावर सोपवलेल्या सगळ्यांसाठी एक मिस्सा अर्पण करायचीच असते. त्या मिस्सासाठी कोणाचं दान घ्यायचं नाही. म्हणजे रविवारी सकाळी मी अंथरुणात लोळत असलो, तरी माझ्या वाटची प्रार्थना तिकडे होऊन गेलेली असते. हे कळल्यावर लोळण्यातली मजा थोडी कमी होते.

एकट्या धर्मगुरूंच्याने हे होणारं काम नाही, हे फ्रेडरिक ओझानाम या पॅरिसच्या विद्यार्थ्याने वयाच्या विसाव्या वर्षी ओळखलं. १८३३ मध्ये त्याने काही सोबत्यांसह गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. तीच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था झाली आणि गावोगावच्या धर्मग्रामांत तिच्या शाखा निघाल्या. घरी जाणं, बसणं, ऐकणं हा तिचा गाभा. आजाऱ्याला घरी ख्रिस्तप्रसाद नेणारी माणसंही मुळात हेच करतात. विधी थोड्या वेळात आटोपतो. मग औषधांची चर्चा होते, सुनेची होते, आणि गायकवृंदात हल्ली कोण वरच्या पट्टीत जातंय याची हमखास होते. माझ्या मते यातला कोणताही भाग गाळण्यासारखा नाही.

मंडळं आणि समित्या यांच्याबद्दल न बोललेलं बरं. एवढंच सांगतो की धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे, आणि ते स्थापन करायचं की नाही हे बिशप ठरवतात. आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची. नियम लिहिणाऱ्यांना माणसांची चांगलीच ओळख असावी.

हद्द सगळ्यांत जास्त बांधते ती धर्मगुरूंना. संत जॉन व्हियानी १८१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्स नावाच्या चिमुकल्या गावात रुजू झाले. लॅटिनमध्ये कच्चे, म्हणून कसेबसे धर्मगुरू झालेले. पुढे पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, त्यांच्याकडे एवढी रीघ लागली की दिवसाचे बहुतेक तास कबुली ऐकायच्या लहानशा खोलीतच जायचे. कुठे एकांतात जाऊन प्रार्थना करत राहावं, असं त्यांना वाटायचं. ते आर्समधून निसटलेही, आणि एकदाच नव्हे. १८४३ मध्ये आजारातून उठल्यावर ते आपल्या घरी निघून गेले, तर लोक तिथेही हजर. शेवटी परतले, आणि १८५९ मध्ये आर्समध्येच वारले. १९२९ मध्ये परमगुरुस्वामींनी, म्हणजे पोपनी, त्यांना जगभरच्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरवलं. बदलीचा अर्ज अर्धा लिहून खणात ठेवलेल्या कोणाही धर्मगुरूने प्रार्थना करावी ती यांच्याकडेच. अर्ज मंजूर होईल, याची खात्री मात्र मी देत नाही.