ऑफ तासाची भुतं

शाळेच्या ग्रुपवर "अंकासाठी मनोगत पाठव" असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं चुकून मला आला, कारण आमच्या बॅचला दोन डॉक्टर आहेत, एक आर्मीत आहे, आणि मी भुताखेतांच्या गोष्टी लिहितो नि चार मित्र गोळा करून त्यांच्या शॉर्टफिल्म करतो. पोट मात्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करून भरतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

सुरुवात आठवी ब मधली. मराठीच्या बाई ऑफ तासाला यायच्या, पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं नारायण धारपांचं भयकथांचं पुस्तक काढून वाचायला लागायच्या आणि बाहेर पाऊस, वर्गात चिडीचूप. घंटा झाली की पुस्तक बंद! दार अर्धं उघडलेलं, आत कोण ते राहिलंच. मग घरी जाताना ते आम्हीच ठरवायचो आणि प्रत्येकाचं वेगळं निघायचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हेडसरांनी तोच वर्ग एका रात्रीसाठी शूटिंगला दिला. मोबाईलवर शूट. रक्तासाठी मक्याचं सिरप, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, कोको नसेल तर ते कोकम सरबत वाटतं. हाड मोडल्याचा आवाज म्हणजे माईकला चिकटून मोडलेली शेवग्याची शेंग (काकडी वापरून बघितली, फार ओली वाजते). पहाटे तीनला सिरपला मुंग्या लागल्या आणि आमचं प्रेत ओरडत व्हरांड्यात पळालं.

घरी येऊन बघतो तर सगळ्या फुटेजवर काळे पट्टे सरकतायत. आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, चोकवाली जुनी ट्यूब दर फेरीला दोनदा, सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्याच्याशी जुळायला शटर (एक फ्रेम किती वेळ उघडी राहते ते) १/५० सेकंद ठेवायला हवं होतं आणि मी १/६० वर ठेवून बसलो होतो, येडा. टॉर्चवर घेतलेले दोनच शॉट वाचले, एक अर्ध्या उघड्या दाराचा, एक कडीवरच्या हाताचा. परत वर्ग मागायची लाज वाटली, म्हणून त्या दोन शॉटवर आणि बाकी नुसत्या आवाजावर अकरा मिनिटं काढली. आत कोण आहे ते दाखवलंच नाही, दाखवायला होतं काय!

बाई आता लेकीकडे असतात, त्यांना लिंक पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बघितली. पाटीवर 'भिती' लिहिलंयस. भी दीर्घ."